झाडांच्या सावलीत गोल्फ मैदानाचे गवत का विरळ होते आणि ते कसे राखावे

गोल्फच्या मैदानावर ग्रीनमधले, म्हणजे अगदी खुरट्या कापलेल्या गवताच्या ज्या तुकड्यावर चेंडू शेवटी भोकात टाकतात त्यातले, भोक वरचेवर, पुष्कळ ठिकाणी रोजच्या रोज, नव्या जागी हलवावे लागते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नळकांड्यासारख्या अवजाराने १०८ मिलिमीटर व्यासाचा मातीचा गोळा गवतासकट अखंड बाहेर येतो आणि तो जुन्या भोकात बसवला जातो. देखभाल करणाऱ्या माणसाला ही तपासणी फुकटात मिळते, पण तिच्याकडे थांबून पाहणारे थोडेच. एकाच ग्रीनच्या उघड्या बाजूचा एक आणि झाडांकडच्या बाजूचा एक असे दोन गोळे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. उघड्या बाजूच्या गोळ्यात पांढरट मुळ्यांचे दाट जाळे तळापर्यंत गेलेले असते आणि वरचे फुटवे इतके दाटीवाटीने उभे असतात की बोटाने विंचरले तरी माती दिसत नाही. सावलीकडचा गोळा मात्र हातात धरताच कडेने ढासळू लागतो, कारण त्याला बांधून ठेवणाऱ्या मुळ्या वरच्या तीन-चार सेंटिमीटरांतच संपलेल्या असतात. त्याची पाने लांबट, अरुंद आणि पातळ असतात, फुटव्यांच्या मधून ओलसर माती किंवा शेवाळ डोकावते, आणि कधी कधी त्यात काडीसारखी जाड, तपकिरी मुळी आडवी गेलेली सापडते. ती गवताची नसते, झाडाची असते.

दोन्ही गोळ्यांना खत तेच, पाणी तेच, कापणीचे यंत्रही तेच. फरक आहे तो वरून मिळणाऱ्या प्रकाशात आणि खालून होणाऱ्या चोरीत. सावलीतले गवत बिघडले की पहिला हात खताच्या पोत्याकडे जातो आणि दुसरा बुरशीनाशकाच्या बाटलीकडे. हे गवत मुळात उपाशी आहे, ही गोष्ट एकदा नीट समजली की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात, आणि त्यांतले काही एरवी जे पटते त्याच्या बरोबर उलट निघतात.

प्रकाश हेच अन्न

खताला गवताचे अन्न म्हणण्याची आपली सवय या बाबतीत घातक ठरते. नत्र, स्फुरद, पालाश हा बांधकामाचा माल आहे. अन्न म्हणजे पानात प्रकाशसंश्लेषणाने तयार होणारी साखर, आणि ती फक्त प्रकाशातून तयार होते. गवत दिवसा साखर बनवते आणि रात्रंदिवस श्वसनासाठी ती खर्च करते. उरलेल्या शिलकीतून नवी पाने, फुटवे आणि मुळ्या घडतात आणि कठीण दिवसांसाठी साठाही होतो. प्रकाश कमी होत गेला की ही शिलक आटत जाते, आणि एका पातळीवर कमाई व खर्च यांची तोंडमिळवणी होऊन वाढच थांबते. त्या पातळीच्या खाली गवत साठ्यावर जगते. त्यामुळे सावलीतले गवत एकाएकी मरत नाही, ते आठवडे-महिने खंगत राहते, आणि मग एखाद्या उकाड्याच्या आठवड्यात, जेव्हा उष्ण रात्रींमुळे श्वसनाचा खर्च वाढतो, तेव्हा ते 'अचानक' गेल्यासारखे दिसते.

सगळी गवते या उपासाला सारखी तोंड देत नाहीत. बेंटग्रास, फेस्क्यू, ब्लूग्रास यांसारख्या थंड हवामानातील गवतांचे पान साधारण निम्म्या उन्हातच आपली प्रकाशसंश्लेषणाची क्षमता गाठते, त्याहून जास्त प्रकाश त्याला फारसा उपयोगी पडत नाही. हरळी आणि झॉयसिया यांसारखी उष्ण हवामानातील गवते वेगळ्या पद्धतीने काम करतात. प्रकाश वाढत जाईल तसतशी त्यांची कमाई भर दुपारच्या उन्हापर्यंत वाढत राहते. उन्हातली ही श्रीमंती सावलीत मात्र अडचणीची ठरते, आणि म्हणूनच उन्हात कुणालाही हार न जाणारी हरळी झाडाखाली सर्वांत आधी माघार घेते.

झाडाची सावली आणि भिंतीची सावली यांतही फरक आहे. भिंत सगळा प्रकाश सारखाच अडवते. पान मात्र निवडून अडवते. त्यातले हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेते, आणि ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा दूरलाल प्रकाश खाली गळू देते. उघड्या उन्हात लाल आणि दूरलाल प्रकाशाचे प्रमाण १.२ च्या आसपास असते, दाट पर्णसंभाराखाली ते ०.५ हूनही खाली येते. गवतातील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हे प्रमाण सतत मोजत असते आणि ते घसरले की 'आपल्या डोक्यावर दुसरी वनस्पती आहे' असा त्याचा अर्थ लावला जातो. मग जिबरेलिन या संप्रेरकाचे काम वाढते, खोडे व पाने उंच ताणली जातात, फुटवे कमी होतात आणि पानाचे मेणचट आवरण पातळ होते. शेजारच्या रोपाच्या वर डोके काढण्यासाठी ही युक्ती योग्य आहे. पण डोक्यावर वीस मीटरचे झाड असेल आणि रोज सकाळी गवत कापण्याचे यंत्र (मोवर) वरचा शेंडा कापून नेत असेल, तर असलेली तुटपुंजी साखर वाया घालवण्याचाच तो मार्ग होतो.

आधी मोजावे, मग बोलावे

'इथे ऊन बरे येते' किंवा 'इथे अंधारच असतो' अशा वाक्यांवर झाडे तोडण्याचे किंवा ग्रीन नव्याने बांधण्याचे निर्णय घेतले जातात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते, कारण प्रकाश मोजता येतो. दिवसभरात एक चौरस मीटर जागेवर पडलेला वनस्पतींच्या उपयोगाचा, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश 'मोल' या एककात सांगतात. उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी उघड्यावर तो ४० ते ६० मोल भरतो. अगदी खाली कापल्या जाणाऱ्या बुटक्या हरळीच्या ग्रीनला उन्हाळ्यात रोज ३० मोलांहून थोडा जास्त प्रकाश लागतो असे धरले जाते. झॉयसियाच्या काही बारीक पानांच्या जाती त्याहून बऱ्याच कमी प्रकाशात तग धरतात.

एक उदाहरण मांडून पाहू. एका ग्रीनला सकाळी दहा ते दुपारी दोन एवढेच थेट ऊन मिळते. त्या वेळात प्रकाशाची सरासरी तीव्रता चौरस मीटरला सेकंदाला १,७०० मायक्रोमोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल) धरली, तर चार तासांत साधारण २४.५ मोल होतात. उरलेले आठ तास दाट सावलीत १०० मायक्रोमोल धरले, तर आणखी २.९ मोल. एकूण सुमारे २७ मोल, म्हणजे हरळीच्या ग्रीनला थोडे कमीच. आता पूर्वेकडची दोन झाडे काढल्याने ऊन दहाऐवजी साडेआठलाच येऊ लागले, आणि त्या दीड तासात सरासरी १,००० मायक्रोमोल मिळाले, तर जवळजवळ पाच मोलांची भर पडून बेरीज ३२ वर जाते. दीड तासाचे ऊन म्हणजे काय मोठेसे, असे वाटते खरे. पण इथे गवताचे जगणे आणि खंगणे यांची सीमा त्या दीड तासातून जाते. सावलीच्या आठ तासांनी मिळून तीन मोलसुद्धा दिले नाहीत हेही लक्षात घेण्यासारखे आहे, कारण 'पानांतून गाळून का होईना, प्रकाश येतोच की' या समजुतीचा हिशेब तिथे लागतो.

मोजण्यासाठी खास प्रकाशमापक मिळतात. दिव्यांच्या कामासाठी वापरतात तो लक्स मोजणारा मापक इथे दिशाभूल करू शकतो, कारण तो माणसाच्या डोळ्याला दिसणारा उजेड मोजतो, पानाला उपयोगी पडणारा नव्हे. मापक नसेल तर कॅमेऱ्यावरही पुष्कळ भागते. एकाच ठिकाणी उभे राहून, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दर तासाला ग्रीनचे एक छायाचित्र घ्यावे, आणि हे वर्षातून किमान तीनदा करावे: सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास, दिवस-रात्र समान असतात तेव्हा आणि सर्वांत लहान दिवसाच्या आसपास. ऋतूनुसार चित्र किती पालटते याचा अंदाज नुसत्या आठवणीने येत नाही. ४० अंश अक्षांशावर २० मीटर उंचीच्या झाडाची भर दुपारची सावली उन्हाळ्याच्या मध्यावर ६ मीटरही भरत नाही, आणि हिवाळ्याच्या मध्यावर तीच ४० मीटर लांब पडते. जून महिन्यात निर्दोष ठरलेले झाड डिसेंबरमध्ये अख्खे ग्रीन झाकू शकते. हरळीची कडाक्याच्या थंडीने होणारी मर सावलीतल्या ग्रीनवर जास्त दिसते, त्यामागे हिवाळ्यातली ही लांब सावलीच असते.

दिशाही इथेच ठरतात. उत्तर गोलार्धात, उष्ण कटिबंधाच्या बाहेर, ग्रीनच्या पूर्वेची, आग्नेयेची आणि दक्षिणेची झाडे अडचणीची असतात. उत्तरेच्या झाडाची सावली ग्रीनवर फारशी पडतच नाही, म्हणून त्याला हात लावण्याचे कारण नसते. दक्षिण गोलार्धात दक्षिण आणि उत्तर यांची अदलाबदल करावी. सकाळचे ऊन दुपारच्या उन्हापेक्षा मौल्यवान, असे या क्षेत्रात सर्रास म्हटले जाते. दिवसभराची बेरीज जितकी होईल तितकी गवताची कमाई, हे त्याच्या आधी मान्य करायला हवे. तरीही सकाळच्या उन्हाचे एक वेगळे काम आहे. ते दव वाळवते, गोठलेले दव लवकर उतरवते आणि पान ओले राहण्याचे तास कमी करते. बुरशीच्या दृष्टीने हे तास महत्त्वाचे असतात.

जमिनीखालची चोरी

झाडाची मुळे जेवढी उंची तेवढी खोल जातात, हा समज चित्रांमुळे पसरला असावा. प्रत्यक्षात पाणी व अन्नद्रव्ये शोषणारी बहुतेक मुळे वरच्या ३० ते ६० सेंटिमीटर थरातच असतात, म्हणजे गवताच्या मुळ्यांच्याच थरात, आणि ती पर्णसंभाराच्या कडेपाशी न थांबता तिच्या कितीतरी पलीकडे पसरतात. ग्रीन म्हणजे तर वाळूचा निचरा होणारा, रोज पाणी आणि नियमित खत मिळणारा मऊ बिछाना. झाडाला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

मुळांची स्पर्धा ओळखण्याची एक खूण आहे. पाणी देऊन एक-दोन दिवस झाल्यावर ग्रीनचा झाडाकडचा भाग इतर भागाच्या आधी निळसर-करडा पडतो आणि पायाचे ठसे तिथे उठून राहतात. सावलीतली जागा खरे तर जास्त वेळ ओली राहायला हवी, ती आधी सुकत असेल तर पाणी दुसरे कोणी पीत आहे. खात्री करायची असेल तर झाड आणि ग्रीन यांच्या मध्ये फावड्याने अर्धा मीटर खोल चर खणून पाहावा, मुळे स्वतःच साक्ष देतात.

उपाय म्हणजे मूळछाटणी. पाते लावलेल्या यंत्राने किंवा अरुंद चर खणून ४५ ते ६० सेंटिमीटर खोलीपर्यंत मुळे तोडली जातात आणि त्या चरात जाड प्लास्टिकचा पडदा उभा बसवून तो बुजवला जातो. पडदा नसेल तर मुळे काही वर्षांत परत येतात आणि काम पुन्हा करावे लागते. मात्र झाडाला उभे धरणारी जाड मुळे बुंध्याजवळच असतात, ती तुटली तर पुढच्या वादळात झाड आडवे होण्याचा धोका असतो. म्हणून बुंध्याच्या व्यासाच्या किमान सहा ते आठ पट अंतर राखावे, एका झाडाच्या एकाच बाजूला छाटणी करावी आणि जाणत्या वृक्षतज्ज्ञाला आधी बोलवावे. चर खणण्यापूर्वी खाली पाण्याचे नळ आणि स्प्रिंकलरच्या तारा कुठून गेल्या आहेत हे पाहण्याची आठवण तर करून द्यायलाच हवी, कारण नेमके तेच राहून जाते.

मुळांवरून आठवले म्हणून सांगतो, सूचिपर्णी झाडांच्या गळलेल्या सुयांनी जमीन आम्ल होते आणि म्हणून त्यांच्याखाली गवत येत नाही, असे पुष्कळ ठिकाणी ऐकायला मिळते. सुयांमुळे मातीच्या आम्लतेत पडणारा फरक नगण्य असतो. गवत तिथे येत नाही ते बारमाही सावली, उथळ मुळे आणि कोरडी जमीन यांमुळे. तेव्हा चुना टाकण्याआधी माती तपासावी.

झाडाबद्दलचा निर्णय

आता अवघड भागाकडे येऊ. गवताचे जाणकार झाडाकडे अडथळा म्हणून पाहतात आणि बाकी सगळे झाडाकडे प्रेमाने पाहतात. दोन्ही बाजूंना थोडे बरोबर आहे. म्हणून सरसकट धोरण ठरवण्यापेक्षा ग्रीन आणि टी (जिथून पहिला फटका मारतात ती जागा) यांच्या भोवतालच्या प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन, त्याची जात, आरोग्य, खेळातले स्थान आणि छायाचित्रांत दिसणारी सावलीची वेळ अशी नोंद करावी. अशी यादी झाली की लक्षात येते की दोषी झाडे थोडीच असतात, आणि त्यांतली कित्येक आधीच पोकळ, वाकलेली किंवा एकमेकांत घुसलेली असतात.

छाटणीकडून किती अपेक्षा ठेवावी याबद्दल प्रामाणिक असावे. खालच्या फांद्या काढून पर्णसंभार वर उचलला की सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत येते आणि वाराही खेळता राहतो, हा लाभ खरा आणि टिकाऊ असतो. आतल्या फांद्या विरळ करण्याचा लाभ मात्र अल्पजीवी असतो, कारण मिळालेल्या मोकळ्या जागेत झाड दोन-तीन हंगामांत नवी पालवी भरून टाकते. खर्च मात्र दर वेळी पूर्ण येतो. हरळीच्या ग्रीनला पाच मोल कमी पडत असतील, तर विरळणी करून ते भरून निघण्याची आशा मी ठेवणार नाही. तिथे एक झाड जाणे आणि बाकीची नऊ सुखाने राहणे हे दहाही झाडे दर तीन वर्षांनी ओरबाडण्यापेक्षा बरे. तोडीसाठी लागणाऱ्या परवानग्या आणि पक्ष्यांचा विणीचा काळ यांचा विचार अर्थातच आधी करायचा.

झाडे काढल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेत पिट्सबर्गजवळचे ओकमाँट. हेन्री फाऊन्स यांनी १९०३ साली उभारलेले हे मैदान सुरुवातीला जवळजवळ उघडे होते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथे हजारो झाडे लावली गेली आणि मैदान बागेसारखे दिसू लागले. १९९० च्या दशकात ती काढण्यास सुरुवात झाली तेव्हा सभासदांचा रोष टाळण्यासाठी पहाटे, कोणी येण्याआधी, झाड पाडून जागा स्वच्छ केली जाई. २००७ ची यूएस ओपन स्पर्धा तिथे झाली तोवर हजारो झाडे गेली होती. मूळ रचना परत आणणे हा एक हेतू होता आणि गवताला ऊन-वारा देणे हा दुसरा. इतक्या टोकाला प्रत्येकाने जाण्याचे कारण नाही, आणि पहाटेच्या अंधारात काम उरकण्यापेक्षा तासातासाची छायाचित्रे भिंतीवर लावणे हा मला सरळ मार्ग वाटतो. पण त्या गोष्टीतला दुसरा धडा अधिक उपयोगी आहे: ती झाडे कोणीतरी हौसेने लावली होती. हातभर उंचीचे रोप ग्रीनच्या आग्नेयेला लावताना वीस वर्षांनंतरची त्याची ४० मीटरची सावली कोणाच्याही डोळ्यांसमोर नसते.

वारा, दव आणि बुरशी

झाडांची दाट रांग वारा अडवते, आणि खुरट्या झुडपांची रांग तर जमिनीलगतचा वाराच अडवते. वारा नसला की पानावरचे दव उशिरा वाळते, माती ओलसर राहते आणि उन्हाळ्यात ग्रीनच्या पृष्ठभागाचे तापमान वाढते. त्यात सावलीतल्या पानाचे आवरण आधीच पातळ. अशा जागी पिथियमचा रोग, रायझोक्टोनिया या बुरशीमुळे पडणारे तपकिरी चट्टे आणि ब्लूग्राससारख्या गवतावर येणारी भुरी यांना आमंत्रणाची गरज उरत नाही, आणि विरळ झालेल्या भागात शेवाळ येऊन बसते. बुरशीनाशक लागलेच तर वापरावे, पण त्याच जागी दरवर्षी तेच औषध मारावे लागत असेल, तर ती जागा औषधाने बरी होणारी नाही हे समजावे. वाऱ्याच्या दिशेतली झुडपे काढणे हा बहुधा सर्वांत स्वस्त उपाय असतो. तो शक्य नसेल तिथे ग्रीनच्या कडेला मोठे पंखे बसवतात. ते दव वाळवतात, पृष्ठभाग थंड करतात, आवाजही करतात. पहाटे लांब काठीने किंवा दोरी ओढून दव झाडून टाकण्याची जुनी पद्धत आजही कामाची आहे.

गवताची निवड

उजेड वाढवता येत नसेल तर उजेडाला साजेसे गवत हवे. थंड हवामानात कोरड्या सावलीसाठी बारीक पानांची फेस्क्यू गवते सर्वांत भरवशाची आहेत, रफमध्ये, म्हणजे खेळपट्टीच्या कडेच्या उंच गवतात, झाडांखाली ती शोभूनही दिसतात, मात्र पायांची आणि गाड्यांची वर्दळ त्यांना सोसत नाही. उंच फेस्क्यू मध्यम सावलीत चालते, केंटकी ब्लूग्रासच्या बहुतेक जाती चालत नाहीत. ग्रीनवर बेंटग्रास बऱ्यापैकी सावली सोसते, पण तिथे पोआ अ‍ॅन्युआ हे आगंतुक गवत त्याला मागे टाकते, आणि मग त्याच गवताला ग्रीन म्हणून सांभाळण्याची वेळ येते. उष्ण हवामानात झॉयसिया, त्यातही बारीक पानांची, हरळीपेक्षा कितीतरी सरस आहे. हरळीच्या टिफग्रँड आणि सेलिब्रेशन या जाती इतर हरळ्यांच्या मानाने सावली अधिक सोसतात, परंतु 'हरळीच्या मानाने' हे शब्द त्यात विसरू नयेत.

रोजची देखभाल

जिथे झाड राहणार आणि गवतही राहणार असे ठरले, तिथे अंथरूण पाहून पाय पसरण्याला पर्याय नाही. सर्वांत परिणामकारक बदल कापणीच्या उंचीचा असतो, कारण पान हेच प्रकाश गोळा करणारे अंग आहे. ग्रीनवर ३ मिलिमीटरचे साडेतीन केले तर खेळणाऱ्याच्या नजरेला फरक कळत नाही, गवताला मात्र पानाचा जवळजवळ सहावा हिस्सा जास्त मिळतो. एका सावलीतल्या ग्रीनसाठी सगळ्या ग्रीनची उंची बदलावी लागू नये म्हणून तिथे मधून मधून कापणीऐवजी नुसता रोलर फिरवावा. चेंडूचा वेग राहतो आणि पानही राहते. रफमध्ये तर झाडांखालची उंची ७५ मिलिमीटर किंवा अधिक ठेवायला काहीच हरकत नसते.

नत्राच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. भरपूर नत्र मिळाले की गवत साठ्यातली साखर खर्चून मऊ, लुसलुशीत पाने काढते, हिरवेपणा पाहून आपल्याला समाधान वाटते आणि मुळ्या तेवढ्याच आखूड होतात. उन्हातल्या गवताच्या निम्म्यापर्यंत मात्रा खाली आणावी आणि तीही थोडी थोडी, पानांवर फवारून द्यावी. पानगळीच्या झाडांखाली झाड निष्पर्ण असते त्या काळात गवताला ऊन मिळते. थंड हवामानातील गवताला खताचा बराचसा वाटा तेव्हाच द्यावा.

पाण्याचा नियम थोडा गुंतागुंतीचा आहे. सावलीत बाष्पीभवन कमी होते, म्हणून पाणी कमी लागते, पण झाडाची मुळे शिरली असतील तर तीच जागा लवकर सुकते. घड्याळ लावून सगळ्या ग्रीनला सारखे पाणी सोडले की दोन्हींपैकी एक भाग हमखास बिघडतो. सावलीकडच्या स्प्रिंकलरचा नळ वेगळा असावा, ओलावा मापकाने तपासावा, आणि पाणी सूर्योदयाच्या सुमारास द्यावे. संध्याकाळी दिले तर पान रात्रभर ओले राहते.

जिबरेलिनची हकिकत वर सांगितली ती इथे उपयोगी पडते. ट्रिनेक्सापॅक-एथिल हे वाढरोधक याच संप्रेरकाच्या निर्मितीतला शेवटचा टप्पा अडवते. गवत उंच ताणले जात नाही, साखर वाचते, फुटवे वाढतात आणि पानाचा रंग गडद होतो. सावलीतल्या झॉयसियावर आणि बेंटग्रासवर त्याचा उपयोग चांगला दिसून आलेला आहे. ते उधळपट्टी थांबवते, कमाई वाढवत नाही, म्हणून फारच कमी प्रकाशात त्याचाही इलाज चालत नाही. मात्रा आणि अंतर गवताच्या जातीनुसार वेष्टनावर दिल्याप्रमाणेच ठेवावे.

याउलट तणनाशकांपासून जपावे. रुंद पानांच्या तणांसाठी वापरले जाणारे डायकांबा मातीतून झाडाच्या मुळांपर्यंत पोहोचते आणि झाडाची पाने वेडीवाकडी होतात. मुळे किती दूरवर पसरतात हे ध्यानात घेतले तर 'झाडाखाली फवारले नव्हते' हा बचाव टिकत नाही.

वर्दळ ही शेवटची, पण सावलीत सर्वांत निर्दय गोष्ट. उन्हातले गवत गाडीच्या चाकाखाली दबले तरी आठवड्याभरात सावरते, सावलीतल्या गवताकडे सावरायला शिल्लकच नसते. म्हणून गाड्यांची वाट झाडांच्या दुसऱ्या बाजूने न्यावी, ग्रीनवर येण्या-जाण्याच्या जागा दोरी लावून बदलत राहाव्यात आणि सावलीतली टी असेल तर ती मोठी तरी करावी किंवा तिच्यावरच्या खुणा रोज हलवाव्यात. शरद ऋतूत गळलेली पाने तशीच पडू दिली तर उरलासुरला प्रकाशही जातो, ती रोज उडवून काढावीत किंवा रफमध्ये मोवरने बारीक करून जागीच जिरवावीत.

आणि काही जागी गवताचा हट्ट सोडावा. दाट पर्णसंभाराखाली, बुंध्याच्या भोवती, जिथे दरवर्षी बी टाकून दरवर्षी मातीच उघडी पडते, तिथे लाकडाच्या चिपांचा ५ ते १० सेंटिमीटर जाडीचा थर घालावा. सालीला तो टेकू देऊ नये, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर साल कुजते. मोवर आणि दोरीने गवत कापणारे हातयंत्र बुंध्यापासून दूर राहिल्याने सालीला होणाऱ्या जखमाही थांबतात. झाडाला हे मानवते, वाचलेले बी, पाणी आणि मजुरी ग्रीनसाठी वापरता येते. त्या ग्रीनची तासातासाची छायाचित्रे मात्र पुढच्या वर्षी त्याच तारखांना, त्याच जागेवरून पुन्हा काढावी लागतात, कारण मधल्या काळात झाड वाढलेले असते.